आईच्या हत्तीपायासाठी लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज: खरंच फरक पडते का?

नागभीडचा_धानवाला

नमस्कार मंडळी. आमचं गाव नागभीड तालुक्यात, धानाचा पट्टा. आईचा डावा पाय बऱ्याच वर्षांपासून सुजलेला आहे. सरकारी दवाखान्यात हत्तीरोग म्हणून नोंद आहे, गोळ्यांचा कोर्स झालेला आहे. आधी सूज संध्याकाळी यायची आणि सकाळी उठेपर्यंत उतरायची. आता सकाळीही तशीच राहते. घोट्यापाशी कातडी जाड झाली, बोटांच्या मुळाशी वळ्या पडल्या. रोवणीच्या दिवसात हमखास थंडी वाजून ताप येते, जांघेत अवधाण येते, पाय लालबुंद होते आणि आई खाटेवर पडते. ताप उतरला की पाय पहिल्यापेक्षा जाड झालेला असते.

आता मुद्द्यावर येतो. ब्रह्मपुरीत एक फिजिओथेरपीवाले बसतात, त्यांनी लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज सांगितला. एका वेळचे ५०० रुपये, रोज यायचं, निदान तीन आठवडे. आईला मोटारसायकलवर मागे बसवून रोज नेणं-आणणं, त्यात शेतीची कामं. इकडे गावातली मालीश करणारी बाई म्हणते, मी मोहाचं तेल लावून जोर देऊन रगडते, सारं पाणी उतरवून देते, शंभर रुपये द्या. बहीण नागपूरला असते, तिनं मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. त्यात पार्लरमधली पोरगी लाकडी रूळ फिरवून एका बाईचे पाय बारीक करून दाखवते. नाव तिघांचं एकच, काम तीन तऱ्हेचं दिसते.

कोणी स्वतः केला असेल तर सांगा. सूज उतरते का, उतरली तर किती दिवस टिकते, आणि पाचशेवाला आणि शंभरवाला यात खरा फरक काय? शेजारची म्हातारी बिब्ब्याचा चटका द्या म्हणून मागे लागली आहे, ते मी सध्या टाळून राहिलो.

---

सावनेरची_संत्री

मी नागपूरला एका पार्लरमध्ये करून पाहिला. दिवसभर दुकानात उभी असते, त्यामुळे पाय जड होतात, म्हणून गेले होते. झोप मस्त लागली आणि पाय हलके वाटले. दुसऱ्या दिवशी दुकानात उभी राहिले आणि संध्याकाळी पाय होते तसेच. पण मला काही आजार नाही, त्यामुळे तुमच्या आईसाठी याचा उपयोग मला माहीत नाही. तिथं 'चरबी वितळते' असंही सांगितलं होतं. वजनकाट्यानं मात्र ते मानलं नाही.

---

वडसा_ताई

भाऊ, आधी त्या बिब्ब्याचं. अजिबात नको. बिब्ब्यानं कातडी भाजते, फोड येते, आणि सुजलेल्या पायावरची जखम लवकर भरत नाही. आईच्या पायावर नखाएवढी चीर पडली तरी तिथून ताप आत शिरते, मग मुद्दाम फोड कशाला आणायचा? म्हातारीला रामराम करा, चहा पाजा आणि वाटेला लावा.

मी देसाईगंज-वडशाची, अंगणवाडीत सेविका आहे. माझा उजवा पाय हत्तीरोगाचाच आहे आणि हा मसाज मी रोज स्वतःच्या हातानं करते. एका मोठ्या रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात शिकले. तिथल्या मॅडमनी माझा हात धरून, किती दाब द्यायचा तो अंगठ्यानं दाखवला होता. म्हणून थोडं लांबलचक लिहिते, रागावू नका.

फरक पडते. पण नुसत्या मसाजनं पडलेला फरक संध्याकाळपर्यंत टिकत नाही. माझं सगळं सांगणं या एका वाक्याभोवती आहे.

रक्तवाहिन्यांतून सतत थोडं पाणी बाहेर झिरपते. त्यात प्रथिनं असतात, मेलेल्या पेशी असतात, कधी जंतूही असतात. हे सगळं उचलून परत रक्तात नेऊन टाकायला शरीरात वेगळ्या बारीक नळ्या आहेत. डॉक्टर त्यांना लसिकावाहिन्या म्हणतात आणि त्यातल्या पाण्याला लिम्फ. दिवसाला दोन-तीन लिटर पाणी या वाटेनं परत जाते. पायातलं पाणी जांघेतल्या गाठींतून पोटात, तिथून छातीतल्या मोठ्या नळीनं डाव्या खांद्याजवळच्या शिरेत. म्हणजे घोट्यापासून मानेपर्यंत सगळा प्रवास चढाचा. हृदयासारखा मोठा पंप मधे नाही. नळी स्वतः थोडी आकुंचन पावते, आत झडपा असतात, आणि पोटरीचे स्नायू चालताना दाबून पाणी वर ढकलतात. हत्तीरोगाचा जंत नेमका याच नळीत जाऊन राहते. नळी फुगते, झडपा एकमेकींना भिडत नाहीत आणि पाणी खाली उतरून साचते. गोळ्यांनी जंत मेला तरी फुगलेली नळी पूर्ववत होत नाही. म्हणून कोर्स झाल्यावरही आईचा पाय सुजलेला आहे. त्यात गोळीचा दोष नाही.

आता मसाज. तुम्ही धानवाले आहात, लवकर समजेल. वरच्या बांधीचं पाणी खाली सोडायचं तर आधी खालच्या बांधीचं तोंड मोकळं करावं लागते, नाही तर धुरा फुटते. या मसाजची सुरुवात म्हणूनच पायापासून होत नाही. आधी मान आणि गळपट्टीच्या हाडावरचा खळगा, मग पोट, सावकाश पोटातून श्वास, मग जांघ, मग मांडी. मांडी मोकळी झाली की गुडघा, नंतर पोटरी, आणि पाऊल सगळ्यात शेवटी. प्रत्येक वेळी हाताचा रोख जांघेकडे. ज्यानं थेट तळव्यापासून सुरुवात करून वर रगडत नेलं, त्याला हे काम येत नाही असं समजा.

आणि दाब किती? इथंच सगळे फसतात. कातडीच्या लगेच खाली या नळ्यांचं बारीक जाळं असते. ते ताणायचं आणि सोडायचं, बस्स. मॅडम म्हणायच्या, स्नायू हाताला लागला तर तुम्ही खूप खोल गेलात. हात फिरवल्यावर कातडी लाल दिसली तरी जोर जास्त झाला. तेलही नको, तेलानं हात घसरते आणि कातडी ताणली जात नाही. त्यामुळे मोहाचं तेल लावून रगडणारी बाई जे करते त्यानं कंबर मोकळी होत असेल, या सुजेसाठी ते उपयोगाचं नाही. जोरानं रगडलं तर आधीच फुगलेल्या नळ्यांना इजा होते आणि कातडीही खरचटते.

मला काय जाणवते ते सांगते. नीट केला की पाऊण-एक तासानं लघवीला जास्त होते. पायाचा ताणलेपणा जाते, गुडघा जास्त वाकते, चपलेचा पट्टा शेवटच्या भोकावरून एक भोक आत येते. घोट्यापाशी जिथं कातडी कडक झालेली आहे तिथं मात्र फारसं काही होत नाही. पोटरीवर अंगठ्यानं दाबलं की खळगा पडते, तो भाग मसाजला ऐकते. दाबून खळगा पडतच नाही, तिथं पाण्याच्या जागी तंतू वाढलेले असतात, तिथं अपेक्षा कमी ठेवा. आईचा पाय दाबून पाहा, तुम्हाला घरीच अंदाज येईल.

मसाज संपला की पाय खाली सोडायच्या आधीच बँडेज बांधायचं. हे बँडेज मेडिकलमधल्या लवचिक क्रेपसारखं नसते. ते कमी ताणते, म्हणून चालताना पोटरी फुगली की आतून त्यावर दाबल्या जाते आणि पाणी वर चढते. खाली कापसाचा थर, वर दोन-तीन पट्ट्या, बोटांकडे घट्ट आणि वर जाताना सैल. उलटं बांधलं, म्हणजे गुडघ्याखाली आवळलं आणि पाऊल सैल ठेवलं, तर रात्रीतून पाऊल पुरीसारखं टम्म. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या, की तात्काळ सोडायचं.

म्हणून ब्रह्मपुरीवाल्यांना पहिला प्रश्न विचारा: मसाजनंतर बँडेज बांधून द्याल का आणि आम्हाला बांधायला शिकवाल का? हो म्हणाले तर माणूस जाणता आहे, पैसे द्या. नुसता मसाज करून घरी पाठवणार असतील तर ५०० रुपये वाचवा.

आणि माझं खरं मत विचाराल तर या सगळ्याच्या आधी साबण-पाणी. आईला जे ताप येतात ना, पायाचा खरा नाश ते करून राहिले. प्रत्येक तापात आणखी काही नळ्या बंद पडतात. ताप येतात बोटांच्या बेचक्यातून. रोवणीत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते, तिथून जंतू शिरते. रोज संध्याकाळी साध्या पाण्यानं, अंगाच्या साबणानं पाय धुवायचा. गरम पाणी नको, ब्रश नको, दगड तर नकोच नको. प्रत्येक बेचकं आणि प्रत्येक वळी बोटात कपडा गुंडाळून टिपायची, अगदी कोरडी. चिखल्या असतील तर डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं मलम. माझे ताप यानं थांबले, मसाजनं नाही. मसाज नंतर आला.

---

नागभीडचा_धानवाला

ताई, कोणी एवढं समजावून सांगितलं नव्हतं. आत्ताच आईची पोटरी दाबून पाहिली, चांगला खळगा पडते. घोट्यापाशी पडत नाही. आणि बोटांच्या बेचक्यात तुम्ही म्हणता तशीच पांढरी कातडी आहे. आई म्हणते, ते तर रोवणीत सगळ्यांनाच होते.

आणखी विचारतो. ताप आलेला असताना मसाज केला तर पाणी लवकर उतरेल का? आणि मसाजनं जंत दुसऱ्या पायात सरकत तर नाही ना? बहीण ही शंका काढून राहिली.

---

फिजिओ_अमरावती

मी फिजिओथेरपिस्ट आहे, लिम्फीडीमाचे म्हणजे लिम्फ साचून येणाऱ्या सुजेचे रुग्ण पाहतो. वडसा ताईंनी लिहिलेलं बरोबर आहे, थोडी भर घालतो.

तापात मसाज नाही, म्हणजे नाहीच. पाय लाल, गरम, दुखरा असेल तेव्हा मसाज आणि बँडेज दोन्ही बंद. त्या वेळी आराम, पाय उशीवर, थंड पाण्याच्या पट्ट्या, भरपूर पाणी आणि त्याच दिवशी डॉक्टर, कारण बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतं. हत्तीरोगाची डीईसी गोळीही त्या झटक्यात सुरू करत नाहीत. सगळं शांत झाल्यावर मसाज पुन्हा सुरू.

आणखी काही रुग्णांना मी हात लावत नाही. एका पोटरीत अचानक सूज आणि दुखणं आलं असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती मसाजनं सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं, तिथं आधी डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी. हृदय कमकुवत असून दम लागत असेल, तर पायातलं पाणी एकदम वर ढकलणं हृदयाला झेपत नाही. कर्करोगावर अजून उपचार झालेला नसेल तर आधी कर्करोगतज्ज्ञाची परवानगी.

बहिणीच्या शंकेबद्दल: मसाजनं जंत मरतही नाही आणि दुसऱ्या पायात जातही नाही. इतकी वर्षं झालेल्या पायात जिवंत जंत बहुधा उरलेलाही नसतो. मागे राहतो तो नळ्यांचा बिघाड.

हा मसाज मुळात पायासाठी निघालेला नाही, हे ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. एमिल आणि एस्ट्रिड व्होडर हे डॅनिश दांपत्य १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये काम करत होतं. सतत सर्दी असलेल्या लोकांच्या मानेतल्या सुजलेल्या गाठींवर ते हलका हात फिरवायचे. १९३६ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये ही पद्धत मांडली. पुढे जर्मनीत फोल्डी यांनी तिला त्वचेची निगा, बँडेज आणि व्यायाम यांची जोड दिली. आज लिम्फीडीमाचा उपचार म्हणतात तो मसाज धरून या चार गोष्टींचा मिळून. पार्लरांनी चारातला एकच उचलला, कारण त्यात गिऱ्हाईक झोपून राहतं आणि छान वाटतं.

पुरावा काय म्हणतो तेही सांगतो. स्तनाच्या कर्करोगानंतर हात सुजलेल्या बायकांवरचे अभ्यास २०१५ च्या कोक्रेन आढाव्यात (कोक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) एकत्र पाहिले गेले. मसाज सुरक्षित दिसला आणि बँडेजच्या जोडीला तो दिला तर थोडा जास्तीचा फायदा होऊ शकतो, विशेषतः सूज सौम्य ते मध्यम असताना, असं त्यातून निघालं. मुख्य काम बँडेज करतं. पायांवर, त्यातही हत्तीरोगाच्या पायांवर, एकट्या मसाजचे अभ्यास फार थोडे आहेत. आपल्याकडे केरळात कासरगोडला इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजी ही संस्था हत्तीपायावर धुणं, योगासनं, हलका मसाज आणि बँडेज असा एकत्र उपचार करते आणि घरच्या माणसालाच तो शिकवते. खेड्यातल्या माणसाला परवडणारी वाट मला तरी तीच दिसते.

एक घरगुती तपासणी: पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी वरची कातडी चिमटीत धरून पाहा. धरता येत नसेल तर सूज लिम्फचीच, असं बऱ्यापैकी खात्रीनं म्हणता येतं. दोन्ही पाय मांडीपासून घोट्यापर्यंत जाड, दाबलं की दुखतात, पण पाऊल बारीकच, असं असेल तर तो वेगळा आजार, त्यात चरबी साठते. अशा बायकांना वर्षानुवर्षं 'कमी खा' म्हणून हिणवलं जातं.

---

अर्जुनी_मोरगाव

मी उलट बाजू सांगतो. आमच्या बाबांचे दोन्ही पाय सुजायचे. गावात म्हणाले हत्तीपाय असेल. एकानं हाच मसाज सुरू करून दिला, रोज पैसे घ्यायचा. पाय उतरायचे, पुन्हा भरायचे. मग चेहराही सकाळी सुजायला लागला तेव्हा शहरात नेलं. लघवीत प्रथिनं जात होती, मूत्रपिंडाचा आजार निघाला. मसाजनं काही बिघडलं नाही म्हणा, पण मधला वेळ वाया गेला.

दोन्ही पाय सारखेच सुजत असतील तर आधी लघवी, रक्त आणि हृदयाची तपासणी करा, एवढंच सांगायचं होतं. धानवाले भाऊंच्या आईचा एकच पाय आहे आणि निदानही झालेलं आहे, त्यामुळे त्यांना हे लागू नाही. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिलं.

---

हिवतापवाला_निवृत्त

हिवताप विभागात नोकरी केली. रात्री साडेआठ-नऊनंतर काचपट्ट्या घेऊन गावोगाव रक्त गोळा करायचं माझं काम. लोक म्हणायचे, दिवसा काहून येत नाही, रात्री झोप मोडून टोचता? अहो, या जंताची पिल्लं रात्रीच रक्तात वर येतात. क्युलेक्स डास रात्री चावते, त्याच्याशी त्यांचं वेळापत्रक जुळलेलं आहे. दिवसा रक्त घेतलं तर पट्टी कोरी निघते.

तुमच्या आईचं रात्रीचं रक्त घेतलं तरी बहुधा काही सापडणार नाही. पाय जाड झालेल्या माणसाच्या रक्तात पिल्लं क्वचितच मिळतात. ज्याचा पाय एकदम ठणठणीत आहे त्याच्याच रक्तात ती असतात आणि त्याच्यापासून डास पुढे नेते. म्हणून गोळ्या सगळ्या गावानं खायच्या असतात. 'मले काही झालं नाही, मी काहून खाऊ' म्हणणारे गावात निम्मे. गोळी हातात घेऊन आमच्यासमोर तोंडात टाकायची आणि पाठ फिरली की थुंकायची, हे प्रकारही पाहिले.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, नागपूर हा सगळा जुना पट्टा आहे. देशात हत्तीरोग नियंत्रणाचा कार्यक्रम १९५५ पासून आहे, सामूहिक औषधोपचार २००४ पासून. डीईसी आणि अल्बेंडाझोल आधीपासून होत्याच. त्यात आयव्हरमेक्टिन घालून तीन गोळ्यांचा उपचार आपल्या नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये सुरू झाला, देशातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत. २०२७ पर्यंत रोग संपवायचं उद्दिष्ट आहे. गोळ्यांनी नवा पाय सुजणं थांबते. आधी सुजलेल्या पायाला फक्त निगा आहे, आणि ती घरच्यांनी करायची आहे.

कामाची गोष्ट: प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि हत्तीपायाच्या निगेचं किट मागा. टब, मग, साबण, टॉवेल, मलम असते त्यात. यादीत आईचं नाव आहे का पाहा, नसेल तर आशाताईंना घालायला लावा. शिल्लक नाही म्हणाले तर पुढच्या महिन्यात पुन्हा जा, लाजू नका.

आणि घराच्या संडासच्या टाकीचा जो वर नेलेला पाईप असते त्याच्या तोंडाला जाळी बांधा. क्युलेक्स घाण पाण्यात वाढते, अर्धे डास तिथूनच बाहेर पडतात असं मी गावात सांगत फिरायचो. 'अर्धे' हा आकडा माझा, सरकारी नाही.

---

नागभीडचा_धानवाला

सगळ्यांचे आभार. बोटाच्या मुळाची चिमटी घेऊन पाहिली, कातडी धरताच येत नाही. ब्रह्मपुरीवाल्यांना फोन केला होता. बँडेज बांधून देतो म्हणाले, पण त्याचं सामान वेगळं घ्यावं लागेल. शिकवायचं विचारलं तेव्हा जरा थांबले आणि मग हो म्हणाले. बायको सोबत यायला तयार आहे.

ताई, दोन गोष्टी राहिल्या. रोवणी तोंडावर आली. आईला घरी बैस म्हटलं तर ऐकत नाही, 'पऱ्हे (धानाची रोपं) वाळतील' म्हणते. बँडेज बांधून बांधीत उतरली तर चालेल का? आणि गावातली मालीशवाली बाई गरीब आहे, तिला एकदम नाही म्हणायला जीवावर येते. तिला हा हलका हात शिकवला तर?

---

वडसा_ताई

बँडेज घालून चिखलात अजिबात नाही. ओलं बँडेज सैल पडते, आतली कातडी भिजून कुजते आणि दोन दिवसांत ताप. गमबूटही सांगतील कोणी, पण खोल चिखलात ते वरून भरतात आणि मग दिवसभर पाय त्याच पाण्यात. माझ्या ओळखीच्या बायकांना मी एवढंच सांगते: चिखल्या बऱ्या होईपर्यंत बांधीत पाय घालू नका. काम करायचंच असेल तर धुऱ्यावर बसून पऱ्ह्याच्या पेंढ्या मोजून द्या, रोवणाऱ्यांचा हिशेब ठेवा, भाकरी-पाणी बघा. सासूपणाला चिखल लागत नाही, हे आईला माझ्या नावानं सांगा. हसल्या तर ऐकतीलही.

नाहीच ऐकलं आणि उतरल्याच, तर वर आल्या-आल्या धुऱ्यावरच स्वच्छ पाण्यानं पाय धुवायचा. घरी येईपर्यंत चिखल वाळू द्यायचा नाही. घरी साबणानं पुन्हा. बेचकी कोरडी केल्याशिवाय चहा नाही. बँडेज मग संध्याकाळी, पाय पूर्ण वाळल्यावर.

ब्रह्मपुरीला जायचंच तर रोवणी आटोपल्यावर सलग जा. मधे मधे खाडे पडले तर पैसे वाया जातात, कारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रोज मसाज आणि रात्रंदिवस बँडेज असं केलं तरच पाय नीट उतरते. उतरला की मापाचं स्टॉकिंग, म्हणजे पायाला दाब देणारा घट्ट मोजा, घ्यायचं, ते दिवसा घालायचं, रात्री काढायचं. सुजलेल्या पायाच्या मापाचं आधीच घेऊन ठेवू नका, महाग असते आणि पाय उतरल्यावर ढगळ होऊन बसते. पहिल्या दिवसापासून सूनबाईंना सोबत न्या, मोबाईलवर त्यांच्या हाताचं चित्रण करून घ्या, फिजिओवाल्यांना विचारून. आठवड्यानंतर त्यांच्यासमोर सूनबाईंनी करून दाखवायचं. आम्ही असंच शिकलो.

मालीशवाल्या बाईला शिकवायची तुमची कल्पना मला आवडली. हात तिचे कमावलेले आहेत, फक्त इतकी वर्षं जोर देण्याचेच पैसे मिळाले आहेत. तिला तेलाची बाटली घरी ठेवायला सांगा आणि आधी तुमच्या हातावर करायला लावा. तुम्हाला वाटलं पाहिजे की ही काहीच करून नाही राहिली, तेव्हा दाब बरोबर आहे. पैसे तेवढेच द्या, कमी करू नका. आमच्या गावात एकीनं शिकून घेतलं, आता दोन घरी जाते. एक मात्र तिला बजावून सांगा, लाल-गरम पायाला हात लावायचा नाही, पैसे दिले तरी.

बाकीचं फुकटचं. खाटेच्या पायथ्याच्या दोन खुरांखाली एक-एक वीट ठेवा (आईला हृदयाचा त्रास नाही ना, ते विचारून घ्या). बसल्या-बसल्या पंजा वर-खाली, दाराची चौकट धरून टाचा उचलायच्या, आणि हे बँडेज बांधलेलं असताना केलं तर दुप्पट कामाचं. अनवाणी फिरणं बंद, अंगणातसुद्धा. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका.

आणि शिंप्याचा टेप आणून ठेवा. पावलाचा मधला भाग, घोटा, घोट्यापासून वर दर दहा सेंटिमीटरला एक, मांडीपर्यंत. जागा चुकू नये म्हणून बॉलपेननं बारीक खुणा करा. दुसऱ्या पायाचंही माप घ्या, नाही तर तुलना कशाशी करणार? कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवा. 'बरं वाटते' यावर आईही फसेल आणि तुम्हीही, पैसे घेणारा तर फसवेलच. दोन आठवडे मसाज-बँडेज दोन्ही होऊन पोटरीचं माप हललं नाही, तर कागद घेऊन डॉक्टरांना दाखवा, पुढचे पैसे भरण्याआधी. माप सकाळी उठल्या-उठल्या घ्या, खाटेवरून पाय खाली टाकायच्या आधी. रात्रीचं घेऊ नका. दिवसभराच्या कामानंतर माझ्या चांगल्या पायाचंसुद्धा माप वाढलेलं निघते.